पी53: राखणदार पेशीचा नव्हे, गावाचा

परळच्या आमच्या चाळीत कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या दारात येतो. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, हे सगळ्यांना सांगून झालं आहे. टाटा रुग्णालय चालत दहा मिनिटांवर, केईएम त्याच्या शेजारी, तरी समोरच्या खोलीतल्या काकू फाइल घेऊन माझ्याकडेच आल्या.

काकांच्या फुप्फुसात गाठ निघाली होती. त्याआधी दोन महिने एका दवाखान्यात टीबी समजून गोळ्या चालल्या. खोकला, वजन उतरणं, एक्स-रेवर डाग: मुंबईत हे तीन एकत्र दिसले की पहिला संशय टीबीवर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. काकांच्या थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या चालूच राहिल्या. गेले ते दोन महिने गेले.

फाइलमध्ये दोन कागद होते. बायोप्सीच्या रिपोर्टवर इतर बऱ्याच गोष्टींबरोबर एक ओळ होती, 'पी53 पॉझिटिव्ह'. जनुक तपासणीच्या दुसऱ्या रिपोर्टवर लिहिलं होतं, 'टीपी53, आर273एल, पॅथोजेनिक', म्हणजे पी53च्या जनुकात रोगकारक बदल. काकूंनी पी53 म्हणजे काय ते विचारलं. कॅन्सर होऊ न देणारं प्रोटीन, असं मी एका दमात सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मगे पॉझिटिव्ह आसा तर बराच की!"

एवढ्या सरळ प्रश्नाचं उत्तर द्यायला शास्त्रज्ञांना दहा वर्षं लागली होती. मला एक संध्याकाळ लागली.

काकूंचं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूचं, म्हणून सुरुवात आरवलीच्या वेतोबापासून केली. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या, हातभर लांबीच्या चपला वाहतात. कोकणात प्रत्येक गावाला असा कुणीतरी राखणदार असतोच. 1992 मध्ये डेव्हिड लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पी53ला जे नाव दिलं ते नेमकं हेच: जनुकसंचाचा राखणदार. मात्र राखणदार गावाचा असतो, एकेका घराचा नाही. गाव वाचवायला एखाद्या घरावर नांगर फिरवावा लागला तर तो फिरवतो. पी53चं वागणं असंच आहे. ते पेशीत राहतं, पण राखण करतं शरीराची.

त्याचं काम असं चालतं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची लांबलचक पोथी असते आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल होते. ऊन, धूर, काही रसायनं, शिवाय पेशीचा स्वतःचा रोजचा कारभार यांमुळे ही पोथी सतत फाटते, तिच्यावर डाग पडतात. दुरुस्ती करणारी प्रोटीनं वेगळी आहेत. पी53 स्वतः फारशी दुरुस्ती करत नाही, ते हुकूम सोडतं. डीएनएवर ठरावीक जागी बसून ते इतर जनुकं चालू करतं. नुकसान थोडं असेल तर पी21 नावाचं प्रोटीन बनवायला लावतं. ते पेशीचं दुभंगणं थांबवतं आणि दुरुस्तीला उसंत मिळते. नुकसान जास्त असेल तर पेशीला कायमचं निवृत्त केलं जातं: ती जगते, पण पुन्हा कधी दुभंगत नाही. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पेशीला स्वतःला संपवायला सांगितलं जातं. तीही गुपचूप, शेजाऱ्यांना त्रास न देता मरते.

इतके कडक अधिकार असलेला माणूस कायम दारात उभा राहिला तर घरात कुणी जगू शकणार नाही. म्हणून धडधाकट पेशीत पी53 जवळजवळ नसतंच. ते बनतं सतत, पण एमडीएम2 नावाचं दुसरं प्रोटीन त्याला पकडून पेशीच्या कचराकुंडीकडे पाठवत राहतं. 20-30 मिनिटांत निम्मं पी53 गायब. डीएनए तुटला की एमडीएम2ची पकड सुटते, पी53 साठतं आणि कामाला लागतं. यातली गंमत अशी की एमडीएम2 बनवण्याचा हुकूम पी53च देतं, म्हणजे हा राखणदार आपल्याला घरी पाठवणारा माणूस स्वतःच नेमतो. काम झालं की तो माणूस येतो आणि याला घेऊन जातो.

काकूंच्या 'पॉझिटिव्ह'चं उत्तर याच गमतीत आहे. काकांच्या गाठीतलं पी53 बिघडलेलं आहे. बिघडलेलं पी53 हुकूम देऊ शकत नाही, त्यामुळे एमडीएम2 पुरेसं बनत नाही, त्यामुळे बिघडलेलं पी53 काढून न्यायला कुणी येत नाही, आणि ते पेशीत साठत जातं. पॅथॉलॉजिस्ट पी53ला चिकटणारा रंग टाकतात तेव्हा चांगल्या पेशी जेमतेम रंगतात आणि गाठीतल्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. पॉझिटिव्ह. राखणदारांची नुसती गर्दी, आणि त्यातला एकही कामाचा नाही. काही गाठींमध्ये उलटं होतं: जनुक असं मोडतं की प्रोटीन बनतच नाही आणि रंग अजिबात लागत नाही. तेही वाईटच.

(त्याच कागदावर 'पी40 पॉझिटिव्ह' असंही होतं. हे पी53च्या भाऊबंदांपैकी एक, पण त्याचा उपयोग फक्त गाठ स्क्वॅमस प्रकारची आहे हे ओळखण्यापुरता. त्याने घाबरू नये.)

काकूंसारखीच फसगत शास्त्रज्ञांचीही झाली होती. 1979 मध्ये लंडन, प्रिन्स्टन, न्यूयॉर्क आणि पॅरिसजवळच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना हे प्रोटीन जवळपास एकाच वेळी सापडलं. त्यातले काही जण माकडांच्या एका विषाणूवर काम करत होते. विषाणूच्या प्रोटीनला पेशीतलं एक प्रोटीन चिकटून येत होतं, त्याचं वजन सुमारे 53 हजार डाल्टन भरलं, म्हणून नाव पी53. पुढे कळलं की खरं वजन 44 हजारांच्या आतच आहे. वजन मोजायला प्रोटीनं जेलीसारख्या थरातून सरकवतात. पी53च्या एका भागामुळे ते त्यातून हळू सरकतं आणि जड भासतं. नावातच मापाची चूक, पण नाव तेच राहिलं.

मोठी चूक वेगळीच होती. कॅन्सरच्या पेशींमध्ये पी53 भरपूर दिसे, त्यामुळे हेच कॅन्सर घडवतं असा निष्कर्ष निघाला. प्रयोगशाळांनी जनुक वेगळं काढून पेशींत घातलं, तर पेशी खरंच कॅन्सरकडे झुकल्या. पुरावा पक्का वाटला. पण त्यांनी ज्या नकला काढल्या होत्या त्या बहुतेक बिघडलेल्या जनुकाच्या होत्या! 1989च्या सुमारास हे ध्यानात आलं आणि अख्खा खटला उलटला. आरोपी निघाला पहारेकरी. 1993 मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने त्याला वर्षाचा रेणू म्हणून गौरवलं. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते, कारण पुस्तकातल्या सरळ वाक्यामागे किती माणसं चुकलेली असतात हे मुलांना त्याशिवाय कळत नाही.

आता 'आर273एल' या अक्षरांकडे. पी53 म्हणजे 393 अमिनो आम्लांची माळ. माळेतल्या 273व्या मण्याच्या जागी आर्जिनिन हवं होतं, तिथे ल्युसिन आलं. 393 मण्यांतला एक बदलला तर एवढं काय बिघडतं? बिघडतं, कारण तो मणी डीएनएला हात लावणाऱ्या बोटांपैकी आहे. तो गेला की हुकूमनाम्यावर सही करता येत नाही. शिवाय पी53 एकटं काम करत नाही, चार-चारच्या टोळीने करतं. समजा पेशीत निम्मी चांगली, निम्मी वाईट पी53 बनत असतील आणि टोळ्या कशाही जमत असतील, तर चारही जण चांगले असण्याची शक्यता सोळांत एक. एका नासक्या आंब्याने अढी नासते, तो प्रकार. त्यामुळे जनुकाची दुसरी प्रत शाबूत असली तरी पेशी अडचणीत येते, आणि गाठीत बहुधा ती दुसरी प्रतही पुढे गमावली जाते.

हा बदल आला कुठून? काका गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तरी विडी बंद पडली नाही. विडी, सिगारेट, गाड्यांचा धूर, कोळसा, जे जे अर्धवट जळतं त्यात बेंझोपायरीन नावाचं रसायन असतं. ते शरीरात जातं तेव्हा फारसं घातक नसतं. त्याला बाहेर टाकण्यासाठी आपलीच पेशी त्याचं रूप बदलते, आणि त्या बदललेल्या रूपातलं एक डीएनएच्या 'जी' या अक्षराला घट्ट चिकटतं. पुढच्या वेळी नक्कल करताना तिथे वाचनात घोळ होतो आणि 'जी'च्या जागी 'टी' पडतं. 1996 मध्ये एका अमेरिकन गटाने मानवी श्वासनलिकेच्या पेशींवर हे रसायन टाकून ते पी53च्या जनुकावर नेमकं कुठे चिकटतं हे पाहिलं. सगळ्यात जास्त चिकटण्याच्या जागा निघाल्या 157, 248 आणि 273. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या गाठींमध्ये पी53 ज्या जागी वारंवार मोडलेलं सापडतं, त्यांत याच जागा होत्या. आणि आर्जिनिनच्या 273व्या शब्दातलं मधलं 'जी' पुसून 'टी' लिहिलं की काय होतं? ल्युसिन.

तोवर तंबाखू आणि कॅन्सर यांचा संबंध मुख्यतः आकडेवारीने दाखवलेला होता: इतके ओढणारे, इतके आजारी. इथे पहिल्यांदा धुरातल्या एका रसायनाच्या बोटांचे ठसे जागेसकट मिळाले. साहजिकच तंबाखू उद्योगाला ते झोंबलं. त्या निष्कर्षांवर शंका घेणारे लेख नंतर छापून आले, आणि त्यांतल्या काही लेखकांचे उद्योगाशी पैशाचे संबंध असल्याचं पुढे उघड झालं. काकांचा हा एक बदल विडीनेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या एका अक्षराबद्दल तसं म्हणता येत नाही. पण ठसा ओळखीचा आहे.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या सगळ्या प्रकारांत पी53 सारखंच मोडत नाही. 2012 मध्ये 178 स्क्वॅमस गाठींचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात 81 टक्के गाठींत पी53 बिघडलेलं होतं. 2014 मध्ये अ‍ॅडेनोकार्सिनोमा या दुसऱ्या प्रकारच्या 230 गाठी तपासल्या, तिथे प्रमाण 46 टक्के. स्मॉल सेल या सगळ्यात आक्रमक प्रकारात तर जवळजवळ प्रत्येक गाठीत पी53 आणि आरबी1 हे दोन्ही राखणदार गेलेले असतात. हा प्रकार केमोला सुरुवातीला झटकन दाद देतो आणि मग तितक्याच झटकन परततो. कधीच न ओढणाऱ्यांमध्ये पी53चे बदल कमी दिसतात. तिथे ईजीएफआरसारखं दुसरं एखादं जनुक मुख्य असतं आणि त्यावर गोळ्या आहेत. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, असे रुग्ण पुष्कळ आहेत. 'मी तर कधी ओढली नाही' म्हणणाऱ्या बाईचा खोकला म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

एवढं ऐकल्यावर काकूंनी विचारलं, "मगे तां वाढवूक येणा नाय? गोळी देवन, इंजेक्शन देवन?"

मला हा प्रश्न हवाच होता. राखणदार कमी पडला म्हणून चोर शिरला, तर राखणदार वाढवा. हत्तीने तेच केलंय. माणसाकडे आईकडून एक, बापाकडून एक अशा या जनुकाच्या दोन प्रती. हत्तीच्या पेशीत साधारण 40. एवढं अवाढव्य शरीर, एवढ्या पेशी, तरी हत्तीला कॅन्सर क्वचित होतो, त्यामागे हे एक कारण असावं असं 2015 पासून मानलं जातं. मग माणसात का नको?

2002 साली उंदरांवरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात उंदरांमध्ये पी53 गरजेपेक्षा जास्त चळवळं झालं होतं. त्यांना गाठी फारच कमी झाल्या. पण ते लवकर म्हातारे झाले: हाडं ठिसूळ, पाठीला बाक, कातडी पातळ, आयुष्य तोकडं. दुसऱ्या प्रयोगात उंदरांना जनुकाच्या जादा प्रती दिल्या, पण त्यांच्या भोवतालच्या नैसर्गिक नियंत्रणासकट. ते कॅन्सरला जास्त टिकले आणि म्हातारपणही वेळेवरच आलं. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले तर एक गोष्ट दिसते. पी53 किती आहे यापेक्षा ते कधी येतं आणि वेळेवर परत जातं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

परत न गेलेला राखणदार बघायला लांब जायला नको. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी आहेत. त्यांच्या खोलीत दिवसरात्र ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची घरघर चालू असते. त्यांना कॅन्सर नाही. त्यांचं फुप्फुस वाळत चाललंय, म्हणजे फायब्रोसिस. वीसेक वर्षं सज्जात कबुतरांना दाणे टाकले, रोज सकाळी, देवपूजेच्या आधी. कबुतरांची विष्ठा आणि पिसं यांतली प्रोटीनं श्वासातून जात राहिली की काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या मारामारीत फुप्फुस सुजतं. बरीच वर्षं चाललं तर व्रण पडतात. 2025च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून झाकला तेव्हा शहरात केवढा वाद पेटला! मावशी तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, बोलायला दम लागतो. 2017 मध्ये भारतातल्या 1,084 रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. फुप्फुसाची जाळी सुजून किंवा व्रण पडून होणाऱ्या या आजारांपैकी जवळपास 47 टक्के अशा अ‍ॅलर्जीसदृश प्रकारचे होते. कबुतरांखेरीज कूलरसारखी कारणंही त्यात आहेत.

सुरुवात कबुतराने होवो, धुराने होवो किंवा अजिबात कारण न सापडो, एकदा व्रण वाढत जाऊ लागले की वायुकोशांत काय चाललंय ते बरंचसं सारखं दिसू लागतं. आपल्या फुप्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश असतात. त्यांच्या आतलं अस्तर दोन प्रकारच्या पेशींचं. एक प्रकार पापडासारखा पातळ, त्यातून प्राणवायू रक्तात जातो. दुसरा घनाकृती, संख्येने बराच पण जागा थोडी व्यापणारा. तो वायुकोश मिटू नये म्हणून साबणासारखा द्रव बनवतो, आणि पातळ पेशी मेली की स्वतः दुभंगून तिची जागा भरतो. वायुकोशाचा गवंडी म्हणा. भिंत पडली की हा बांधतो.

फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये या गवंड्यांत पी53 आणि पी21 वाढलेले दिसतात. गवंडी मेलेला नाही, पण सक्तीच्या निवृत्तीवर बसलाय. भिंती पडत राहतात आणि बांधायला कुणी नाही. शिवाय निवृत्त पेशी नुसती गप्प बसत नाही. ती आजूबाजूला सूज आणणारी, व्रण भरायला बोलावणारी रसायनं सोडत राहते. ती हाक ऐकून धागे विणणाऱ्या पेशी, फायब्रोब्लास्ट, येतात आणि जिथे स्पंजासारखी जाळी हवी तिथे काथ्यासारखे राठ धागे विणून ठेवतात. 2021 मध्ये एका गटाने उंदरांच्या नेमक्या याच गवंडी पेशींना निवृत्त केलं. उंदरांना वाढत जाणारा फायब्रोसिस झाला. त्याच पेशींतलं पी53 काढून टाकलं, तर आजार सौम्य झाला.

काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या का येतो, त्याचाही धागा इथेच येऊन मिळतो. गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतात. सुतळी उसवू नये म्हणून आपण टोकाला गाठ मारतो ना, तसं. दर दुभंगण्याला ती गाठ थोडी झिजते. 2007 मध्ये काही कुटुंबांमध्ये ही गाठ नीट ठेवणाऱ्या जनुकांतच बिघाड सापडला आणि त्यांचा आजार होता फुप्फुसाचा फायब्रोसिस. गाठ सुटलेलं टोक पेशीला तुटलेल्या डीएनएसारखं दिसतं. पी53 धावून येतं. पण इथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे परत जायची वेळच येत नाही.

आणि फायब्रोब्लास्ट? त्यांच्यात बरोबर उलटं सापडलंय: पी53 कमी. ज्याला आवरायला हवं तो मोकाट सुटलाय आणि ज्याने काम करायला हवं तो बांधलेला. एकाच रुग्णाच्या एकाच फुप्फुसात, एकमेकांना खेटून. आता सांगा, पी53 वाढवणारी गोळी दिली तर ती या दोघांपैकी कुणाकडे जाईल?

फुप्फुसाचे इतर आजारही याच दोन टोकांमध्ये कुठेतरी बसतात. बरीच वर्षं ओढणाऱ्यांना एम्फिसीमा होतो, वायुकोशांच्या भिंती विरून मोठमोठी पोकळी होते. तिथेही निवृत्त झालेल्या आणि स्वतःला संपवणाऱ्या पेशी जास्त सापडतात, म्हणजे पी53च्या जादा कडकपणाकडे बोट जातं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो त्या आजारात मात्र वाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाजवीपेक्षा जास्त वाढून वाट अरुंद करतात. पी53 नसलेल्या उंदरांना कमी प्राणवायूत ठेवलं तर हा आजार जास्त बळावतो. म्हणजे तीच विडी एकाच्या फुप्फुसात राखणदाराला मारते आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात त्याला इतकं डिवचते की तो घरंच पाडत सुटतो. कधी दोन्ही एकाच माणसात. फायब्रोसिसच्या रुग्णांना फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे कळल्यावर मला सुरुवातीला काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. पण कोट्यवधी पेशींचं गाव आहे. एका वाडीत पहारा अति आणि पलीकडच्या वाडीत पहारेकरीच गायब, असं होऊ शकतं.

वेळेचा मुद्दा किती खरा आहे, ते 2004 मध्ये अक्षरशः दिसलं. पेशीत पी53ला चमकणारी खूण जोडून संशोधकांनी तासन्‌तास चित्रण केलं. डीएनए तुटल्यावर पी53 सरळ वाढत गेलं नाही. ते लाटांनी आलं: साधारण साडेपाच तासांनी एक लाट, नुकसान जास्त तर लाटा जास्त, पण लाटेची उंची तेवढीच. यायचं, बघायचं, जायचं, पुन्हा यायचं. रात्रीच्या गस्तीसारखं. नंतर 2012 मध्ये याच मंडळींनी औषधाच्या डोसांच्या वेळा साधून लाटा सपाट केल्या आणि पी53 सतत हजर ठेवलं. ज्या पेशी एरवी सावरून पुन्हा दुभंगल्या असत्या, त्यांतल्या बऱ्याच कायमच्या निवृत्त झाल्या.

तरीही औषधांचे प्रयत्न झालेत, होताहेत. 2003 मध्ये चीनने विषाणूच्या पाठीवर बसवून धडधाकट पी53 जनुक गाठीत सोडणारं औषध मंजूर केलं, डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरसाठी. जगात इतरत्र ते फारसं रुजलं नाही. 2004 मध्ये एमडीएम2ची पकड सोडवणारे नटलिन नावाचे रेणू आले. कल्पना सुरेख आहे, पण अट अशी की पेशीतलं पी53 स्वतः शाबूत हवं. काकांच्या गाठीत ते नाहीच. वर, अशी औषधं साऱ्या शरीरातला राखणदार उठवतात, त्यामुळे रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. आता 220व्या जागेच्या एका विशिष्ट बदलाने प्रोटीनमध्ये जी खाच पडते तिच्यात पाचरीसारखं बसून प्रोटीन सावरणारं औषध रुग्णांवर तपासलं जात आहे. 273च्या बदलात अशी सोयीची खाच पडत नाही. एकूणच, कॅन्सरची बरीच नवी औषधं एखाद्या अति काम करणाऱ्या प्रोटीनला गप्प करतात. चालू यंत्र बंद पाडणं त्यामानाने सोपं. मोडलेलं यंत्र पेशीच्या आत शिरून पुन्हा चालू करणं फार कठीण, आणि पी53च्या बाबतीत करायचंय ते हेच. मावशींना ज्या गोळ्या चालू आहेत त्या व्रण वाढण्याचा वेग कमी करतात. झालेले व्रण मागे घेत नाहीत आणि पी53ला थेट हात तर लावतच नाहीत.

म्हणजे आज काकांच्या उपचारात त्या ओळीचा उपयोग थोडाच. डॉक्टरांनी केमो ठरवली ती गाठीचा प्रकार आणि पसारा बघून. गोळी चालेल असं कुठलं जनुक रिपोर्टात नव्हतं, तेही पाहिलं गेलं. बाजूला '38 टक्के' असा आकडा होता तो वाचून काकूंच्या मुलाने 38 टक्के कॅन्सर पसरलाय असा अर्थ काढला होता आणि दोन रात्री झोपला नव्हता. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की नमुन्यातल्या या जनुकाच्या जेवढ्या नकला वाचल्या, त्यांपैकी 38 टक्क्यांत बदललेलं अक्षर मिळालं. नमुन्यात चांगल्या पेशीही मिसळलेल्या असतात. रोग किती पसरला, हे तो आकडा सांगतच नाही.

मुलाचा दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तोंडावर लिहिला होता. हे मला येईल का? गाठीत सापडलेला पी53चा बदल बहुतेक वेळा त्या गाठीतच, आयुष्यात नंतर घडलेला असतो. तो रक्तातून मुलाला मिळत नाही. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असणारी कुटुंबं असतात. त्या अवस्थेला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, पण तिथे घरातल्या अनेकांना, तरुणपणी, लहानपणीसुद्धा, वेगवेगळे कॅन्सर झालेले दिसतात. यांच्या घरात तसं काही नव्हतं. असतं तर रक्ताची वेगळी तपासणी आणि जनुकीय समुपदेशन हा रस्ता आहे. विडीचं पाकीट मात्र त्याच्याही खिशात होतं. मी पाहिलं, त्याने मला पाहताना पाहिलं, आणि विषय तिथेच राहिला.

काकूंनी कागद नीट लावले. आता सगळं समजलं असं त्यांनी दाखवलं नाही आणि मलाही तसं वाटलं नाही. उठता उठता त्यांचं लक्ष शेवटच्या पानाकडे गेलं. तिथे 'पीडी-एल1' असं काहीतरी छापलं होतं. त्या परत बसल्या, चष्मा पुसला आणि पान माझ्यापुढे सरकवलं.

"ह्यां काय गो आता?"